रांगोळीवरून काढलेली नाली

गरिबाला काय पाहिजे, हे विचारायला आमच्या वस्तीत आजवर जे जे आले त्यांनी सगळ्यांत आधी खुर्ची मागितली. खुर्च्या आमच्याकडे आहेत. लग्नाच्या डेकोरेशनवाल्याकडे कामाला जाणारी माणसं वस्तीत आहेत, त्यामुळे घरटी एखादी तरी ‘परत करायची राहिलेली’ प्लास्टिकची खुर्ची सापडते. पण पाहुणा खुर्चीवर बसला की पाय वर घेतो, आणि पाय वर घेतलेल्या माणसाला आमची नाली दिसत नाही. म्हणून मी शक्यतो त्यांना उभंच ठेवते.

गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, तालुक्याचं. नाव सांगत नाही, कारण नगरपालिकेतली माणसं अजून त्याच टेबलांवर आहेत आणि मलाही अजून तिथेच राहायचं आहे. एका अंगाला आर्णी, दुसऱ्या अंगाला घाटंजी, आणि पांढरकवड्याला हायवेवर जायचं तर एसटीत उभं राहून, एवढी ओळख पुरे. बैलबाजाराच्या मागे नाल्याच्या काठावर आमची वस्ती आहे. सरकारी कागदात ती झोपडपट्टी असते, निवडणुकीत तिचं ‘नगर’ होतं, आणि नळ सोडणाऱ्या माणसाच्या तोंडी ती ‘ते शेवटचं’ असते.

मी घरी ब्लाउज शिवते. वस्ती विकास समिती स्थापन करायला साहेब लोक आले त्या दिवशी बाकीच्या बायका कापूस वेचायला गेल्या होत्या. समितीला अध्यक्ष म्हणून बाई पाहिजे होती, सही करणारी पाहिजे होती आणि मुख्य म्हणजे जागेवर पाहिजे होती. मशीनवर बसलेली मी एकटीच सापडले. लोकशाहीनं मला अशी हूक लावता लावता पकडली. नवरा संध्याकाळी ऑटो घेऊन आला, गल्लीच्या तोंडाशी लावला आणि म्हणाला, “आता तू अध्यक्ष झाली ना, तं आधी माह्या ऑटो दारापर्यंत येईन असं काहीतरी कर.”

ऑटो दारापर्यंत येत नव्हता, कारण मध्ये बुढीचं नाक होतं.

बुढी म्हणजे माझी शेजारीण. तोंडावर मावशी, पाठीमागे बुढी. तिचं घर आणि माझं घर एका भिंतीनं जोडलेलं, आणि त्या भिंतीवरून आमची अनेक वर्षं भांडणं. भिंतीला माती कोणी लावायची, पागोळ्या कोणाच्या अंगणात पडायच्या, कोंबडी कोणाची आणि अंडं कोणाचं. घरात ती एकटीच असायची, मुलगा पुण्याला कंपनीत. घर म्हणजे एक खोली, आणि त्या खोलीच्या पुढे गल्लीत घुसलेलं मातीचं स्वयंपाकघर. त्या घुसलेल्या भागाला सगळी वस्ती ‘नाक’ म्हणायची. डोक्यावर पाण्याचे गुंड घेतलेल्या दोन बायका तिथे समोरासमोर आल्या की एकीला मागे जावं लागे, आणि कोणी मागे जायचं यावरून पाणी सांडेपर्यंत बोलाचाली होई.

पण त्या नाकात बुढीची चूल होती. चुलीवर पालथं मडकं ठेवून ती मांडे करायची. पुरणाची पोळी हातावर फिरवत फिरवत कोपरापर्यंत पसरवायची आणि तापलेल्या मडक्यावर अलगद टाकायची. लग्न असो, तेरवी असो, भंडारा असो, मांड्यांसाठी बुढीलाच बोलावणं. वस्तीत खरे मांडे करणारी ती एकटी होती. मनातले मांडे खायला समिती होतीच.

तर योजना आली. नागपूरहून एक मॅडम आल्या. तरुण, अंगात खादीचा कुर्ता, आणि बोलणं इतकं गोड की नगरपालिकेचा शिपाईसुद्धा सरळ उभा राहिला. ‘तुमची वस्ती, तुमचा आराखडा’ असं त्यांच्या बॅनरवर लिहिलं होतं. त्यांनी विचारलं, तुम्हाला काय हवं? पुरुषांनी कमान मागितली. बाजूच्या वॉर्डात ओपन जिम झाली म्हणून जिमही मागितली. दिवसभर पोती उचलणारी माणसं जिम मागत होती, आणि ती हसून नाही, अगदी गंभीरपणे. बायकांनी पक्की नाली मागितली. आमच्या गल्लीत सगळ्यांच्या न्हाणीचं पाणी मधूनच वाहतं, आणि पावसाळ्यात ते आमच्याबरोबर घरात राहायला येतं. मॅडमनी नाली आणि सिमेंट रस्ता लिहून घेतला आणि कमानीचं बघू म्हणाल्या.

मग त्या म्हणाल्या, नकाशा तुम्हीच काढा. जो राहतो त्यालाच जास्त माहिती. कागदावर काढायला संकोच वाटत असेल तर जमिनीवर रांगोळीनं काढा.

आता रांगोळी म्हटल्यावर बायकांनी एकमुखानं बुढीला पुढे ढकललं. मांड्यांचा हात आणि रांगोळीचा हात तिचा एकच होता. पण बुढी काही कोरड्या मातीवर बसायला तयार नव्हती. “आधी सडा टाका,” म्हणाली. मरीमायच्या ओट्यापुढे शेणाचा सडा पडला, तो वाळेपर्यंत मॅडम खुर्चीवर बसून राहिल्या, आणि मग बुढीनं ठिपके टाकले. एका ओळीत, एका अंतरानं. ठिपक्याला ठिपका जोडत तिनं वस्ती काढली. गल्ली नव्या नवरीच्या भांगासारखी सरळ. दोन्ही बाजूंना घरं, सगळी एकाच मापाची. हातपंपाच्या जागी कमळ. नाल्यात निळा रंग आणि निळ्या रंगात मासा. आमच्या नाल्यात डुक्करसुद्धा विचार करून उतरतं, पण मासा फार छान जमला होता.

बाकीच्या बायकाही मागे राहिल्या नाहीत. एकीनं दारात तुळस काढून घेतली, जिच्याकडे साधा कढीपत्ता जगत नाही. जिच्या घरावर ताडपत्री होती ती म्हणाली, “माह्या घरावर स्लॅब काढ वो मावशी. कुठंतरी तं पडू दे.” बुढीनं स्लॅब टाकून दिला.

मी म्हटलं, “मावशी, तुमचं नाक राह्यलं.”

“राह्यलं नाई, मी काढलंच नाई. पावने पाहून राह्यले अन् वाकडं कायले काढू?”

सगळ्या हसल्या. मीही हसले. पाहुण्यांसमोर वाकडी रांगोळी कोणत्या घरची बाई काढते? मॅडम खुर्चीवर उभ्या राहिल्या आणि त्यांनी वरून फोटो घेतला. थोड्या वेळानं कोणाची तरी बकरी रांगोळीतून गेली, नाला आणि कमळ एक झालं, आणि आम्ही चहा प्यायला गेलो. फोटो मात्र नागपूरला पोचला होता.

सरकारी काम अन् सहा महिने थांब, म्हणून आम्ही थांबलो. उन्हाळा लागला आणि एका सकाळी गल्लीत चुन्याची रेघ आली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सरळ सुतात. रेघ बुढीच्या स्वयंपाकघराच्या एका भिंतीपाशी संपत होती आणि पलीकडच्या भिंतीपासून पुन्हा सुरू होत होती. रेघ मारणाऱ्यानं चूल ओलांडली होती, हेच काय ते उपकार.

नगरपालिकेचे साहेब हेल्मेट घालून उभे होते. आमच्या गल्लीत डोक्यावर पडण्यासारखं काहीच नाही, सगळं पायाखाली आहे, पण हेल्मेट होतं.

“साहेब, ही रेघ स्वयंपाकघरातून चालली,” मी म्हटलं.

“नकाशात स्वयंपाकघर नाही.”

“नकाशात नसंन, इथं आहे. चूल पेटलेली आहे, हात लावून पाहा.”

साहेबांनी मोबाईल काढला आणि मला रांगोळीचा फोटो दाखवला. मग हळूहळू कळलं ते असं. मोजायला जो माणूस आला होता त्यानं गल्लीची रुंदी दोन्ही टोकांना टेप लावून व्यवस्थित मोजली. मधलं ऊन फार होतं. मध्ये गल्ली सरळच आहे हे फोटोत दिसत होतं, तेही लोकांनी स्वतः काढलेल्या, म्हणून त्यानं मधलं रांगोळीवरून घेतलं. पुढे ज्यानं नकाशा काढला त्याला सरळ रेघ आवडली, ज्यानं मंजूर केला त्याला तर फारच आवडली. अशी ती रांगोळी शिक्के घेत घेत परत आमच्याकडे आली होती.

“आजवर आम्ही आमच्या मनानं आराखडे केले तर तुम्ही मोर्चे काढले,” साहेब म्हणाले. “आता तुमच्या मनानं केला, तरी तक्रार?”

माणूस खोटं बोलत नव्हता, हीच पंचाईत होती. तरी मी म्हटलं, “अहो, त्या रांगोळीत नाल्यात मासाही आहे. तो कोणत्या योजनेतून आणून सोडणार?”

बुढी दारात उभी होती, हाताला पीठ. गल्लीतून कोंबडी गेली तरी तिला चार शब्द सुनावणारी ही बाई त्या दिवशी एक अक्षर बोलली नाही. मला वाटलं, धक्का बसला. चूल गेली तर मांडे गेले, आणि मांडे गेले तर तिच्याकडे राहतं काय? एक खोली, एक बाज आणि पुण्याहून येणारे गुड मॉर्निंगचे फोटो.

मग मी नगरपालिकेत जायला लागले. रोज नुसतं बाकावर बसून राहणं मला जमत नाही, म्हणून पिशवीत ब्लाउज घेऊन जायचे आणि साहेबांच्या केबिनसमोर बसून काज-हूक करायचे. साहेब मीटिंगमध्ये असले की बाह्या व्हायच्या, साइटवर असले की गळे. काही दिवसांनी आवक-जावकच्या बाईंनी आपला मापाचा ब्लाउज आणून दिला. माझा अर्ज नंतर जो सरसर हलला तो, माझ्या मते, त्यांच्या फिटिंगमुळे. अखेर साहेब स्वतः टेप घेऊन आले, त्यांनी नाकाची लांबी-रुंदी घेतली आणि नाली नाकाला वळसा घालून जाईल असा सुधारित नकाशा केला.

“वळणावर तुंबणार,” ते म्हणाले.

“तुंबू द्या. आमाले सवय आहे.”

वस्तीत कोणी फारसं खूश नव्हतं, पण सरकारला आपण वाकवलं म्हटल्यावर नाखूश दिसणंही बरं दिसेना. नवऱ्यानं फक्त विचारलं, “म्हणजे ऑटो तिथंच?” आणि तो जेवायला बसला. मी मात्र हवेत होते. पेढे घेतले आणि बुढीकडे गेले.

ती चुलीपुढे राख ओढत होती. मी सगळं सांगितलं. तिनं पेढा घेतला नाही. म्हणाली, “कोनं सांगतलं होतं तुले?”

“अवो मावशी, तुमचं घर वाचलं.”

“तेच म्हनते मी. कोनं सांगतलं होतं?”

मी उठायला लागले, तर तिनं मला बस म्हटलं. मग हातातली राख झटकून सांगायला लागली. तिचा बुढा मी या घरात लग्न होऊन येण्याच्या आधीच गेलेला, त्यामुळे हे मला काहीच माहीत नव्हतं.

“हे बुढ्यानं बांधलं. आपल्या हातानं, पायानं गारा तुडवून. मी म्हटलं, गल्लीत नको काढू, लोकायची वाट हाय. तं म्हने, लोक जातीन वाकडे. मंग एक दिवस त्याच्या छातीत कळ आली. चौघायनं बाजीवर टाकला, तं बाज इथून फिरेना. कोनी म्हने उभी करा, कोनी म्हने आडवी करा. अन् हा बाजीवर पडल्या पडल्या वरडे, कोनं बांधलं बे हे इथं? कोनं बांधलं?”

ती हसली. मलाही हसू आलं, आणि ते अर्ध्यावरच थांबलं.

“दवाखान्यात पोचला तं झालं होतं त्याचं. आता इथं वेळ गेला म्हून गेला, का जानारच होता, ते मले काय समजते? पन रोज याच भिताडाले पाठ लावून मांडे करा लागते मले.”

“मग पाडायचं होतं ना तुम्हीच.”

“मी कशी पाडू वो? त्याच्या हातचं हाय. मी पाडलं तं लोक म्हनतीन, बुढा गेला अन् बुढीनं त्याची भित पाडली. सरकारनं पाडलं असतं तं मी सरकारले शिव्या देल्ल्या असत्या अन् मोकळी झाली असती. सगळं बराबर जमलं होतं. मधात तू आली.”

म्हणजे पाहुण्यांसमोर वाकडं कशाला, हे सगळं सांगायपुरतं होतं. त्या सरळ रेघेत तिनं सरकारला कामाला लावलं होतं, सरकारही इमानदारीनं लागलं होतं, आणि मी काज-हूक करत करत तिचा डाव मोडला होता.

“अन् मांडे कुठं कराल?” मी विचारलं.

तिनं भिंतीकडे पाहिलं. भिंतीपलीकडे माझं अंगण होतं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. समितीत बसून मी किती वेळा म्हटलं होतं की जागा सगळ्यांची आहे, थोडं थोडं सगळ्यांनी सोडलं पाहिजे. दुसऱ्याच्या हक्कासाठी भांडणं फार सोपं असतं, त्यात आपलं अंगण जात नाही. माझ्या त्या हातभर अंगणात मशीन, तुळस, दोरीवरचे कपडे आणि पावसाळ्यात कोंबड्यांचं खुराडं. मी म्हटलं, “पाहू.” नगरपालिकेत जाऊन जाऊन हा शब्द मी उचलला होता.

घरी आले आणि भांडी आपटली. मला बुढीचा राग आला होता, तिची दया आली होती, आणि दया आली याचाही राग आला होता. त्या भिंतीला पाठ लावून ती रोज बसते, आणि मी इतकी वर्षं पलीकडून फक्त पागोळ्या मोजत होते. दिवेलागणीच्या वेळी मी भिंतीवरून डोकावून ओरडले, “मावशी, चूल तुळशीच्या अलीकडं मांडाची, पलीकडं नाई. माह्या शिवणावर धूर आला तं त्याच दिवशी बंद.”

“तुह्यं अंगण उतरतं हाय,” पलीकडून उत्तर आलं. “माती टाका लागन.”

काम सुरू झालं त्या दिवशी साहेब सुधारित नकाशा घेऊन आले. आम्ही त्यांना म्हटलं, नाली सरळच न्या. साहेबांनी हेल्मेटवर हात मारला. “आजी, तुम्हीच भांडून वळण घेतलं ना?”

“मी कुठं? हे भांडली,” बुढीनं माझ्याकडे बोट केलं.

तोंडी चालणार नाही, म्हणून तिथल्या तिथे अर्ज लिहिला. बुढीनं अंगठा दिला, मी अध्यक्ष म्हणून सही केली. जेसीबी आत येईना, नाकच आडवं आलं, म्हणून पहारी-सब्बल घेऊन माणसं लावली. चूल आधीच माझ्या अंगणात गेली होती. मडकं ती स्वतः पदराखाली धरून घेऊन गेली होती, कोणाला हात लावू दिला नाही.

पहिली सब्बल भिंतीत घुसली आणि बुढीनं तोंड उघडलं. वस्तीत मी पुष्कळ शिव्या ऐकल्या आहेत, दिल्याही आहेत, पण असा पट्टा ऐकला नव्हता. योजनेचं वाटोळं, नगरपालिकेचा मुडदा, सिमेंटला कीड, आणि ज्यानं ज्यानं शिक्का मारला त्याच्या हाताला लकवा. गल्लीतली सगळी माणसं बाहेर आली. साहेब माझ्याजवळ सरकले. “ताई, अर्ज तर आजींनीच दिला ना?”

“हो साहेब. उभे राहा अन् ऐकून घ्या,” मी म्हटलं.

ते बिचारे उभे राहिले. भिंत मातीची होती, लवकर खाली आली. धूळ उडाली, आतली धुरानं काळी झालेली बाजू उन्हात पडली, आणि बुढीचा आवाज बदलला.

“कायले बांधलं?” ती म्हणत होती. “कोनं सांगतलं होतं तुले? मी नको नको म्हनत होती ना? माह्यं आयकलं काय कधी? बांधलं अन् गेला निंघून. मी इथं एकटी बसली, धूर खात बसली, अन् तू गेला निंघून.”

सरकारला असं कोणी म्हणत नाही. बायकांनी तोंडाला पदर लावले. सब्बलवाले थांबले. एकट्या साहेबांच्याच लक्षात आलं नाही. त्यांना वाटलं, अजून त्यांनाच चाललंय. त्यांनी हेल्मेट काढून काखेत धरलं, धुळीतून पुढे गेले, तिच्यासमोर मान खाली घालून उभे राहिले आणि म्हणाले, “चुकलं आजी. माझं चुकलं.”

पदरानं डोळे पुसून बुढीनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. इतक्या वर्षांत तिला कोणीतरी ‘चुकलं’ म्हटलं होतं. माणूस दुसरा होता, पण तिनं चालवून घेतलं.